रात्री अँगल कॉक तुटला तर आधी व्हॉल्व, मग प्लंबर

तुमचा किस्सा वाचला. रात्री एक वाजता बेसिनखालचा अँगल कॉक (भिंतीतून बेसिनच्या नळीला पाणी देणारा छोटा कॉक) हातात आला, पाऊण तास घरभर पाणी, नेटवर नंबर शोधून बोलावलेला प्लंबर २८०० घेऊन गेला आणि जाता जाता 'सगळी लाइन बदलावी लागेल, १८ हजार' असं सांगून गेला. फसलो का, आणि अशा वेळी भरवशाचा माणूस आणायचा कुठून, असं विचारलंत. मी प्लंबर नाही, पण पुण्यातल्या आमच्या चार मजली सोसायटीच्या कमिटीत पंधरा वर्षं काढलीत, त्यामुळे गळती आणि तुंबलेल्या लाइनी हाच संसार झालाय.

२८०० जास्तच गेले, पण रात्री एकला उठून आलेला माणूस दुप्पट मागणारच, त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. खरी गोची अशी की पाणी चालू असताना भाव करता येत नाही, तो पाच हजार म्हणाला असता तरी तुम्ही दिले असते. पाणी बंद करता आलं असतं तर बादल्या भरून झोपला असता आणि सकाळी नेहमीचा माणूस येऊन हेच काम बऱ्याच कमी पैशात करून गेला असता. म्हणून इमर्जन्सी प्लंबरचा नंबर शोधण्याआधी आपल्या फ्लॅटचा व्हॉल्व शोधा, आजच, उजेडात.

बऱ्याच फ्लॅटमध्ये बाथरूमच्या भिंतीत वरच्या बाजूला कन्सिल्ड स्टॉप कॉक असतो, म्हणजे भिंतीत गाडलेला, पाणी बंद करायचा कॉक, चकचकीत टोपीवाला, लोकांना तो शोभेचा वाटतो आणि वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, मग ऐन वेळी तो फिरतच नाही. (अँगल कॉकचंही तेच, दोनचार महिन्यांनी एकदा बंद-चालू करत राहा, जाम झालेला जोर लावून पिळला की आटे जातात नाहीतर मान तुटते.) तिथे नसेल तर डक्टमध्ये (पाईप जातात त्या उभ्या पोकळीत) बघा, तिथेही नसेल तर गच्चीवर टाकीखाली. आमच्याकडे एकदा ऐन गणपतीत वरच्या मजल्यावरचा फ्लशचा पाईप सुटला, मी बॅटरी घेऊन गच्चीवर धावलो तर दाराला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरींकडे, ते कोकणात गेलेले. कुलूप तोडून आत गेलो तर एका रांगेत अकरा व्हॉल्व, कुठला कुणाचा काही पत्ता नाही, एकेक बंद करत खालून ओरडून विचारत बसलो. दिवाळीआधी ऑइल पेंटने प्रत्येक व्हॉल्वशेजारी फ्लॅट नंबर लिहिले आणि एक किल्ली वॉचमनकडे ठेवली. खर्च म्हणाल तर एक छोटा डबा रंग.

पाणी बंद केलं की गीझरचं बटणही बंद करा, हे लोक हमखास विसरतात.

दुसरं म्हणजे घरात अर्ध्या इंचाचे दोन प्लास्टिकचे डमी आणि एक टेफ्लॉन टेपचं रीळ ठेवा, हार्डवेअरच्या दुकानात दहावीस रुपयांना मिळतात. नळ बसवायच्या आधी भिंतीतल्या तोंडाला लावतात ना, तेच. कॉक आट्यांसकट निघून आला असेल तर डमीला टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळून पिळून टाका, झालं. तुकडा आतच अडकला असेल तर मात्र तो काढायला प्लंबरच लागतो, स्वतः ठोकाठोक करू नका, भिंतीतला एल्बो (पाईपचा वळणाचा जोड) फुटला की टाइल फोडायची वेळ येते. नुसतं फडकं कोंबूनही भागत नाही, टाकीपासून दहा मीटर खाली दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो प्रेशर असतं, म्हणजे पहिल्या मजल्यावर पाणी फडकं उडवून लावतं.

आता माणूस. नेटवरचा पहिला नंबर शक्यतो नको. 'आधी दहा रुपये भरून बुकिंग करा' म्हणत लिंक पाठवली किंवा मोबाइलवर एखादं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर सरळ फोन ठेवा, तो प्लंबर नाहीच. त्यापेक्षा जवळच्या हार्डवेअरवाल्याला विचारा, त्याच्या काउंटरवर रोज चार प्लंबर उभे असतात आणि कोण उधारी बुडवतो हे त्याला बरोबर माहीत असतं. नंबर मिळाला की एखादं किरकोळ काम, वायसर बदलणं वगैरे, त्याच्याकडून करून घ्या, म्हणजे रात्री फोन केलात तर तो ओळखीने उचलेल. फोनवरच विचारायचं, व्हिजिटचे किती, रात्रीचे वेगळे किती, मजुरीत काय काय धरलंय, आणि तुटलेल्या जागेचा फोटो पाठवायचा. सामान शक्यतो आपण आणायचं, बिलासकट. पितळी अँगल कॉक हातात जड लागतो, हलक्या धातूवर क्रोम चढवलेला दिसायला अगदी तसाच पण वजनाला पोकळ, तुमचा तुटलेला बहुतेक त्यातलाच. जुना पार्ट त्याला नेऊ देऊ नका. आणि सीपीव्हीसीचा (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाईपचा) जॉइंट सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा द्रव, लावून केला असेल तर पाच मिनिटांत पाणी सोडू द्यायचं नाही, किती वेळ थांबायचं ते डब्यावरच लिहिलेलं असतं.

तुंबलेल्या बेसिनमध्ये अ‍ॅसिड ओतणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा. आधी कुणी ब्लीचिंग टाकलेलं असेल तर त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकतं. बॉटल ट्रॅप (बेसिनखालचा बाटलीसारखा भाग) खोलून साफ करा, नाहीतर ओव्हरफ्लोच्या भोकात ओला कपडा दाबून प्लंजर मारा, बहुतेक वेळा त्यानेच सुटतं.

राहिले १८ हजार. तुमची बिल्डिंग बारा वर्षांची आणि लाइन सीपीव्हीसीची म्हणताय. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपला आतून गंज चढतो, धार बारीक होते, ती लाइन बदलणं मी समजू शकतो. सीपीव्हीसीला गंजच लागत नाही, एक कॉक तुटला म्हणून सगळी लाइन कशाला बदलायची? फ्लॅटला मीटर असेल तर सगळे नळ बंद करून रात्रीचं आणि सकाळचं रीडिंग बघा, मधे कुणी पाणी वापरलं नाही आणि आकडा हलला नाही तर लाइन गळत नाहीये. मीटर नसेल तर भिंतीला कुठे ओल आहे का, रंगाचे पोपडे निघालेत का ते बघा. आणि तुटलेला कॉक अजून फेकला नसेल तर त्याचा आट्यांच्या बाजूने फोटो टाका, पितळ आहे की नाही ते लगेच कळेल.