डेकवर उतरायला शिकताना गेलेली माणसं

प्रश्न असा आहे : विमानवाहू जहाज बांधून झालं, विमानंही आली, तरी उड्डाणं सुरळीत व्हायला इतकी वर्षं का लागतात, आणि युद्ध नसतानाही त्यात माणसं का जातात? या विषयाचं बरीच वर्षं वाचन करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनी विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा मी तिच्या डेकवर गेलो होतो. खालून ती डोंगराएवढी वाटायची. वर गेल्यावर मात्र एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक लगेच नजरेत यायचं. जेमतेम दोनशे मीटर, आणि त्यातलाही एक तुकडाच उतरण्यासाठी. समुद्रात हाच तुकडा वरखाली होतो, डोलतो आणि पुढे पळत असतो.

धावपट्टीवर वैमानिक शेवटच्या क्षणी विमानाचं नाक किंचित उचलून चाकं अलगद टेकवतो. डेकवर तसं करायचं नसतं. विमान आहे त्याच उतारावर खाली आदळवायचं, शेपटीखालचा हुक आडव्या तारेत अडकायला हवा, आणि चाकं टेकताच इंजिन पूर्ण ताकदीवर न्यायचं, कारण हुक चुकला तर तिथूनच पुन्हा उडायचं असतं. हाताला लागलेली वर्षांची सवय मोडावी लागते.

सुरुवातीला तर ताराही नव्हत्या. २ ऑगस्ट १९१७ रोजी ब्रिटिश वैमानिक एडविन डनिंग स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लो इथे चालत्या ‘फ्युरियस’ या युद्धनौकेवर उतरला, तेव्हा डेकवरचे अधिकारी धावत गेले आणि विमानाला लावलेले दोर धरून त्यांनी ते हातांनी खाली ओढलं. चालत्या जहाजावर उतरलेला तो पहिला माणूस. पाचच दिवसांनी, पुन्हा उतरताना, टायर फुटला, विमान कडेवरून पाण्यात गेलं आणि तो बुडाला. वय २५. त्या जहाजाची उतरायची जागा पुढच्या बाजूला होती आणि मागे जहाजाचं उंच बांधकाम उभं होतं, म्हणून त्याला बाजूने वळसा घालून यावं लागत होतं. पूर्ण सपाट डेकचं ‘आर्गस’ हे ब्रिटिश जहाज त्यानंतर वर्षभराने आलं.

आपण वैमानिकांचीच नावं घेतो, पण डेकवर आणि डेकखाली काम करणारे कितीतरी जास्त असतात. २९ जुलै १९६७ रोजी व्हिएतनामजवळ अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर एका विमानातलं रॉकेट आपोआप सुटलं आणि समोरच्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळलं. आगीत पडलेला बॉम्ब थंड करायला आगविझवू पथकाचा प्रमुख जेराल्ड फॅरियर हातात साधं अग्निशामक घेऊन धावला. दीड मिनिटाच्या आसपास बॉम्ब फुटला. तो गेला, प्रशिक्षित पथक जवळजवळ संपलं. मग जे पुढे आले त्यांना शिकवलेलंच नव्हतं : एकजण फेस मारत होता आणि दुसरा पाणी मारून तोच फेस धुवून काढत होता. जळतं इंधन स्फोटांनी डेकला पडलेल्या भोकांतून खाली उतरलं, जिथे रात्रपाळी करून आलेले झोपले होते. १३४ माणसं गेली. आज अमेरिकन नौदलात प्रत्येक खलाशाला आग विझवायला शिकवतात ते यामुळे. त्या झोपलेल्या पोरांचा विचार मनातून जात नाही.

चीनने हे सगळं अलीकडे, उशिरा सुरू केलं. ‘लिआओनिंग’ या त्यांच्या विमानवाहू जहाजावर जे-१५ हे लढाऊ विमान पहिल्यांदा उतरलं नोव्हेंबर २०१२ मध्ये, आणि त्याच चाचण्या आटोपून परतताना विमान बनवणाऱ्या कारखान्याचे प्रमुख लुओ यांग हृदयविकाराने गेले. वय ५१. एप्रिल २०१६ मध्ये वैमानिक त्साओ शियानजियान यांच्या जे-१५ची नियंत्रण यंत्रणा बिघडली. ते समुद्रावर इजेक्ट झाले, म्हणजे आसनासकट विमानाबाहेर फेकले गेले, मणका मोडला. तीन आठवड्यांनी तसाच बिघाड दुसरा वैमानिक झांग चाओ याच्या वाट्याला आला, जमिनीवरच डेकचा सराव करताना. चाकं टेकली होती. अचानक नाक जवळजवळ सरळ आकाशाकडे उठलं. धोक्याची सूचना आल्यापासून इजेक्ट होईपर्यंत ४.४ सेकंद गेले, आणि तेवढ्यात तो नियंत्रणाची दांडी पुढे दाबून विमान वाचवायला बघत होता. बाहेर पडला तेव्हा पॅराशूट उघडण्याइतकी उंची उरली नव्हती, आणि तो गेला. वय २९. त्साओ ४१९ दिवसांनी पुन्हा उडाले.

आपल्याकडे याच कारणासाठी गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर जमिनीवर डेकसारखी सोय उभारली. नौदलाच्या तेजसने सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे तार पकडली, तेव्हा ताशी २४० किलोमीटरच्या आसपासचा वेग अडीच सेकंदांत शून्यावर आला. मग ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेच विमान विक्रमादित्य या आपल्या विमानवाहू जहाजावर उतरवलं. आधी इतकी वर्षं जमिनीवर का घालवली, याचं उत्तर मला झांग चाओच्या त्या चार सेकंदांत दिसतं.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला विक्रमादित्यवरून निघालेलं प्रशिक्षणाचं मिग-२९के गोव्याजवळ समुद्रात पडलं. एक वैमानिक वाचला. कमांडर निशांत सिंग यांचा शोध जहाजं आणि पाणबुडे घेत राहिले. ७ डिसेंबरला, अकराव्या दिवशी, त्यांचा मृतदेह मिळाला.