लाइटबिल येण्याआधीचं काम

नमस्कार,

सोलापूरहून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, पुढे इमारतींच्या ऊर्जाक्षमतेत मास्टर्स करायचं म्हणते आणि त्याआधी सॉफ्टवेअरच्या एका ऑनलाइन कोर्ससाठी 45 हजार मागते आहे. तुम्ही विचारलंय, ‘घरं बांधायला शिकवलं, आता ही लोकांची लाइटबिलं मोजत बसणार का?’

बिलं बघणारे वेगळे. चालू इमारतीत जाऊन एसी, पंप, दिवे तपासतो तो एनर्जी ऑडिटर. तुमच्या मुलीला जे करायचंय ते इमारत कागदावर असतानाच करावं लागतं. एकदा स्लॅब पडला की पश्चिमेची खिडकी काही उत्तरेला नेता येत नाही.

तुमचा टॉवेलचा कारखाना आहे, म्हणजे एप्रिलमध्ये पत्र्याखाली काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. गावाकडे माळवदाच्या घरात झोपला असाल तर फरकही ठाऊक असेल. माळवदाच्या जाड मातीतून ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. हा फरक आकड्यांत मांडणं, हेच तिचं काम. छतातून किंवा भिंतीतून उष्णता किती सहज आत येते त्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. 15 सेंटिमीटरच्या उघड्या आरसीसी स्लॅबची ती 3 च्या वर जाते. राहत्या इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने केलेल्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’त छतासाठी कमाल मर्यादा आहे 1.2. वर चार-पाच सेंटिमीटर चांगलं इन्सुलेशन टाकलं तर आकडा 1 च्या खाली येतो. मग बिल्डर विचारतो, खर्च किती आणि वसूल कधी? त्याचं उत्तर देता येणाऱ्याला पगार मिळतो.

मागणीचं म्हणाल तर मोठ्या व्यापारी इमारतींसाठीचा ऊर्जाबचतीचा कोड 2007 पासून आहे, 2017 मध्ये तो सुधारला. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने 100 किलोवॉटपासून पुढे वीजभार असलेल्या निवासी इमारतीही कक्षेत आल्या. अंमलबजावणी मात्र राज्यांच्या हातात आहे आणि ती सगळीकडे सारख्या वेगाने होत नाही, हे लपवत नाही. नोकऱ्या मुख्यतः पुणे, मुंबई, अहमदाबाद, बंगळूर, दिल्ली इथल्या सल्लागार संस्थांत. शिवाय काच, इन्सुलेशन, एसीच्या कंपन्यांत. सोलापुरात राहूनच करायचं असेल तर सुरुवातीला अवघड आहे.

पुढचं तिलाच वाचायला द्या.

बाळ, 45 हजार तूर्त राहू देत. एनर्जीप्लस हे इमारतीला लागणारी ऊर्जा मोजणारं मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे. ते वर्षाच्या 8,760 तासांचं हवामान घेऊन इमारत चालवून दाखवतं. पण भिंतीची माहिती चुकीची भरलीस तरी ते तितक्याच सुबक आलेखात उत्तर देतं, आणि चूक ओळखायची तुलाच. या क्षेत्रात गेलेला माझा एक विद्यार्थी सांगतो, पहिलं वर्ष जवळजवळ सगळं खिडक्यांची मापं पुन्हा पुन्हा भरण्यात गेलं, कारण दर पंधरवड्याला ड्रॉइंग बदलायचं. तो कंटाळा झेपतो का बघ.

त्यासाठी आधी आपलं राहतं घर घे. कागदावर प्रत्येक खोलीची दिशा, भिंतीची जाडी, खिडकीचं माप लिही. 23 सेंटिमीटरच्या विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू 2 च्या आसपास येते, 20 सेंटिमीटर एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, 1 च्या आत. हे हाताने काढ. मग दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीपाशी उभी राहा. दक्षिणेला काम करणारा छज्जा इथे का हरतो ते दिसेल: सूर्य खाली उतरलेला असतो, ऊन छज्ज्याखालून सरळ पलंगावर येतं. तिथे उभं सरकतं शटर किंवा बाहेरून चटई हवी. संहितेत मुंबईसारख्या दमट हवेत उघडणाऱ्या खिडक्या चटईक्षेत्राच्या 16.66 टक्के मागितल्यात, सोलापूरसारख्या उष्ण-कोरड्या हवेत 10 टक्केच. का, याचं उत्तर स्वतः लिही. मुलाखतीत असलेच प्रश्न येतात.

एवढं करूनही गोडी टिकली तर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याच्या तयारीला लाग. पाचव्या वर्षाचा प्रकल्पही याच विषयाचा घे. ग्रीन बिल्डिंगची प्रमाणपत्र परीक्षा नंतर देता येईल. नुसत्या त्या कागदावर कोणी घेत नाही.

आणि तुम्हाला एक सुचवतो. कारखान्याच्या शेडचं छप्पर तिला अभ्यासाला द्या. पत्र्याला पांढरा परावर्तक रंग की खालून इन्सुलेशन, दोन्हींचा खर्च आणि फरक मांडून दाखव म्हणावं. मे संपायच्या आत. फी ठरवून द्या मात्र, घरचं काम फुकट करायची सवय नको.