३१ मे नंतरचे साहेब

सांगलीत समुपदेशन करू लागल्यापासून मी पाहत आले आहे की, जून-जुलै आला की नुकत्याच निवृत्त झालेल्यांची माझ्याकडे गर्दी होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी शाळेत नाव घालताना ज्यांची जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नव्हती, त्यांच्या नावापुढे गुरुजींनी १ जून लिहून टाकले, आणि त्यामुळे शासकीय सेवेतील कितीतरी जण वयाच्या ५८व्या वर्षी ३१ मे या एकाच दिवशी निवृत्त होतात. शाल-श्रीफळ घेऊन घरी आलेल्या या मंडळींचा प्रश्नही बहुधा एकच असतो: “मॅडम, आता वेळ कसा घालवायचा? एखादा छंद सुचवा.”

सुरुवातीच्या काळात मी खरोखरच छंद सुचवत असे. बागकाम, वाचन, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ अशी एक यादीच माझ्याजवळ तयार असायची. यादी घेऊन गेलेले अनेक जण तीन-चार महिन्यांनी पुन्हा येत, आणि ‘छंदही जमला नाही’ हे नवे दुःख बरोबर आणत. माझे नेमके कोठे चुकत होते, हे मला एका गृहस्थांमुळे उमगले. त्यांची हरकत नाही, तरीही ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते.

ते पाटबंधारे विभागातून निवृत्त झाले होते. कोयनेतून किती विसर्ग सुटला आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला केव्हा टेकेल, या हिशेबात त्यांचे कितीतरी पावसाळे गेले होते. घरीदारी सगळे त्यांना ‘साहेब’च म्हणत, पत्नीसुद्धा. पहिल्या भेटीला येताना त्यांनी एक वेळापत्रक आणले होते. पहाटे ५ ते रात्री १० पर्यंतचे रकाने पाडलेल्या त्या कागदावर नदीकाठचे फिरणे, योगासने, सतार, इंग्रजी संभाषण, छायाचित्रण आणि गच्चीवरील भाजीपाला असे सहा उद्योग वेगवेगळ्या शाईने बसवले होते. ऑगस्टपर्यंत त्यांपैकी पाच उद्योग बंद पडले होते.

पत्नीची तक्रार वेगळी होती. “मॅडम, हे अकरा वाजता स्वयंपाकघरात येतात आणि मसाल्याच्या डब्यांची मांडणी बदलतात. तीस वर्षांत माझा हात ज्या डब्यावर डोळे झाकून जात होता, तिथे आता साबुदाणा आहे.”

मी साहेबांना सतारीबद्दल विचारले, कारण वेळापत्रकात तेवढीच एक ओळ त्यांनी दोनदा गिरवली होती. त्यांचा चेहरा बदलला. लहानपणी मिरजेत मावशीकडे गेले की ते सतारमेकरांच्या दुकानासमोर उभे राहत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे, त्यांवर चढणारा लाकडी दांडा आणि कानाशी तार छेडून जवारी काढणारे, म्हणजे घोडी घासून स्वराचा गुंजता नाद साधणारे कारागीर यांचे वर्णन त्यांनी वीस मिनिटे केले. मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची २०२४ मधील बातमीही त्यांनी कापून ठेवली होती. निवृत्त होताच त्यांनी चांगली महागडी सतार घेतली, शिकवणी लावली आणि सहा आठवड्यांत ती कपाटावर ठेवून दिली.

“का ठेवलीत?”

“शिकवणीत अकरा वर्षांची एक मुलगी आहे. ती यमनची गत वाजवते. माझे अजून ‘दा दिर दा रा’ नीट पडत नाही.”

“मग?”

“मग काय, मॅडम? या वेगाने मला काही येणार नाही. जे नीट जमत नाही ते करण्यात अर्थ काय?”

“हे कोण ठरवते?”

ते बराच वेळ गप्प राहिले. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण त्या शांततेत मी काही बोलायचे नाही असे ठरवले होते, आणि माझ्या व्यवसायात हे ठरवणे वाटते तितके सोपे नसते. शेवटी ते म्हणाले, “मी हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहीत आलो. अ अधिक, ब अधिक, ब. आता खोलीत सतार मी वाजवतो, आणि कोपऱ्यात साहेब बसून अहवाल लिहितात.”

इतके अचूक निदान मला करता आले नसते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे. एलिस सांगतो की कृतीचे मोजमाप जरूर करावे, त्यावरून माणसाची प्रतवारी करू नये. आणि ‘जमावे’ या इच्छेचे ‘जमलेच पाहिजे’ या हट्टात रूपांतर झाले की त्रास सुरू होतो. नोकरीत हा हट्ट खपून जातो, कधी बढतीही देतो. निवृत्तीनंतर मात्र नवशिक्या व्हावे लागते, आणि साहेबाला नवशिका होणे सर्वांत कठीण जाते. छंद नव्हताच असे नाही. छंदाच्या डोक्यावर अधिकारी बसला होता.

मी त्यांना एलिसच्या तरुणपणाची गोष्ट सांगितली. स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी तो १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बसला आणि सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलला. भेटायला एकच कबूल झाली, तीही आली नाही. भीती मात्र गेली. साहेब मोठ्याने हसले. मग मी गृहपाठ दिला: महिनाभर रोज वीस मिनिटे पत्नीसमोर सतार वाजवायची, आणि ती वाईटच वाजली पाहिजे. अहवाल लिहायची हुक्की आली, तर तो लिहून त्यावर ‘नस्तीबंद’ (म्हणजे फाइल बंद) असा शेरा मारायचा. शासकीय माणसाला शासकीय भाषेतच औषध द्यावे, असा माझा अनुभव आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे.

ज्यांची ३१ मे अजून दूर आहे, त्यांना माझे सांगणे असे की, सुरुवात नोकरीत असतानाच, दोन-तीन वर्षे आधी करावी, म्हणजे नवशिकेपणाचा संकोच कामाच्या गडबडीत विरून जातो. एकदम सहा गोष्टी धरू नयेत आणि महागडे साहित्य आधी घेऊ नये. उसने वाद्य, जुना कॅमेरा, दोन कुंड्या पुरतात, कारण खर्च जितका मोठा तितका आतला साहेब जागा राहतो. गुडघे किंवा डोळे थकले तरी चालू राहील असे एक काम असावे. आपण एक दिवस गेलो नाही तर कोणीतरी ‘का आला नाहीत?’ असे विचारील, अशी एक तरी जागाही असावी. घरातल्या माणसाच्या राज्यात पाऊल टाकण्यापूर्वी तिला विचारावे, हे वेगळे सांगायला नको. तरीही सांगते, कारण डब्यांची तक्रार माझ्याकडे पुष्कळ घरांतून येते.

दिवाळीनंतर दोघे आले. यमन अजून धड वाजत नव्हता. पण तुटलेली तार साहेबांनी स्वतः चढवली होती, त्याला दीड तास लागला होता, आणि आता दर गुरुवारी ते मिरजेत त्याच सतारमेकरांकडे नुसते बसायला जात होते. मी वेळापत्रकाचे काय झाले असे विचारले.

“पाठकोरा कागद होता,” पत्नी म्हणाली. “मी त्यावर दुधाचा हिशेब लिहिते.”