गंजलेलं पत्र्याचं बॉनेट काढून बाहेर मिळणारं फायबरचं बसवलं तर टिकेल का? वेगात उघडून काचेवर येण्याची भीती कितपत खरी?

भीती खरी आहे, पण ती सगळ्या फायबर बॉनेटांना सारखी लागू नाही. मी फायबरचे भाग बनवण्याच्या आणि गाडीवर बसवण्याच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फायबर म्हणजे तकलादू, हा समज आधी बाजूला ठेवा. फायबर म्हणजे फायबरग्लास: रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून घट्ट केलेले काचेचे धागे. १९५३ साली आलेल्या शेवरले कॉर्वेट या गाडीची अख्खी बॉडी फायबरग्लासची होती. माल चांगलाच आहे, प्रश्न तो कसा घातलाय याचा आहे.

कंपनीचं पत्र्याचं बॉनेट म्हणजे नुसता एक पत्रा नसतो. वरचा पत्रा आणि खाली चिकटवलेली फ्रेम, असे दोन थर असतात. बिजागऱ्या आणि लॅचमध्ये (बॉनेट बंद धरणाऱ्या खटक्यात) अडकणारी कडी जिथे बसते, तिथे आतून जास्तीचा जाड पत्रा दिलेला असतो. शिवाय धडक बसली की बॉनेट मधोमध वर दुमडावं, सरळ मागे सरकून काचेत घुसू नये, म्हणून फ्रेममध्ये मुद्दाम कमजोर जागा ठेवलेल्या असतात. पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर धक्का कसा झेलला जाईल, याचाही विचार त्यात असतो. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेच्या चाचणीत बॉनेटवर डोक्याच्या आकाराचे ठोकळे आदळून हेच तपासतात. बाहेरच्या बहुतेक फायबर बॉनेटांवर यातली एकही चाचणी झालेली नसते. विकणारा काहीही म्हणो, ही सुरक्षा तुम्ही सोडून देताय हे मनाशी पक्कं करूनच पुढे जा.

आता उडण्याबद्दल. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो वजनाइतका होतो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. तो सगळाच्या सगळा बॉनेटला वर ढकलत नाही. पण वरून ओढ आणि खालून दाब असं मिळून जे काही उरतं, ते मुख्यतः लॅचच्या कडीवर आणि बिजागऱ्यांवर येतं. स्वस्त बॉनेटमध्ये ही कडी नुसत्या फायबरमध्ये स्क्रूने आवळलेली असते. गाडीच्या थरथरीने भोक हळूहळू लांबट होतं, रेझिनचा भुगा पडतो आणि बोल्टभोवती पांढरट कडं दिसायला लागतं. ते कडं दिसलं की आतला थर फुटायला लागलाय असं समजा आणि दुरुस्त होईपर्यंत गाडी हायवेवर नेऊ नका.

म्हणून घेताना वरची चकाकी बघू नका, बॉनेट उलटं करा. खाली दुसरा थर, म्हणजे फ्रेम, आहे का? कडी आणि बिजागरीच्या जागी लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी फायबरच्या आत घातलेली आहे का? कोरडे पांढरे धागे दिसत असतील तर तिथे रेझिन पोहोचलेलंच नाही. कुठे रेझिनचं चकचकीत डबकं साचलेलं असेल तर ती जागा ठिसूळ. नाण्याने हळूहळू ठोकत जा. टणक आवाज मध्येच बद्द झाला तर आत हवा अडकलीय. नाक जवळ नेऊन वासही घ्या. रेझिनचा उग्र वास अजून येत असेल तर माल नीट पिकलेला नाही. असं बॉनेट इंजिनाच्या आणि उन्हाच्या तापाने वाकतं, आणि रंगातून आतल्या धाग्यांची जाळी वर उमटते. साधं पॉलिएस्टर रेझिन तसंही फार उष्णता सोसत नाही, त्यामुळे टर्बो किंवा एक्झॉस्ट बॉनेटला खेटून असेल तर खालून उष्णतारोधक शीट लावून घ्याच. आणखी एक, पत्रा पेटत नाही, साधं फायबर पेटतं. इंजिनाच्या भागात तेल किंवा पेट्रोल गळत असेल तर आधी ते काम करा. कार्बनसारखं दिसणारं बॉनेट बघून भुलू नका. पुष्कळदा वर कार्बनचा एक थर आणि खाली सगळं फायबरच असतं.

रंगाआधी गाडीवर बसवून बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो. दोन्ही फेंडरकडच्या फटी सारख्या हव्यात. बॉनेटला पीळ असेल तर ते लॅचने ओढून बसवू नका, तो ताण कायम कडीवर राहतो. परत करायचं तर रंगाआधीच करता येतं.

बसवताना पुढच्या दोन कोपऱ्यांना बॉनेट पिन, म्हणजे बॉनेट वरून अडकवून ठेवणाऱ्या खिट्ट्या, लावा आणि त्या खालच्या क्रॉसमेंबरला (गाडीच्या पुढच्या आडव्या दांडीला) घट्ट धरा. मूळ लॅच काढायचा नाही, लॅच सुटला तरी बॉनेट अडवून धरणारी त्याची दुसरी सेफ्टी कडी तर मुळीच नाही. बॉनेटला गॅसचे स्ट्रट (ते वर उचलून धरणारे गॅस भरलेले दांडे) असतील तर ते जड पत्र्याच्या हिशेबाने भरलेले असतात, हलक्या फायबरला ते सतत वर रेटतात आणि बिजागरीपाशी तडा जातो. कमी ताकदीचे घ्या किंवा साधा दांडा वापरा. बंद करताना उंचावरून सोडू नका. खाली टेकवा आणि लॅचच्या वर दोन्ही तळवे पसरून दाबा.

गाडी रोज घरच्यांना घेऊन लांब धावणार असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: जुनं पण सरळ असलेलं कंपनीचं पत्र्याचं बॉनेट शोधा. फायबर ट्रॅकवरच्या गाडीला शोभतं, किंवा ज्या जुन्या मॉडेलचा पत्रा कुठेच मिळत नाही त्याला. बसवलंच तर विमा कंपनीला लेखी कळवा.