पुण्यात रोजच्या ऑफिससाठी पुरुषाने स्कूटर घ्यावी की बाईक? ११० बरी की १२५?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वय ३१, ऑफिस येऊन-जाऊन चोवीस किलोमीटर, इलेक्ट्रिकचाही विचार चालू आहे. आणि सगळ्यात शेवटी, हळूच : ‘मित्र म्हणतात स्कूटर ही बायकांची गाडी.’

सीसीचं नंतर बघू. तुमचं घोडं त्या शेवटच्या ओळीवर अडलंय, हे उघड आहे. नाहीतर तुम्ही सरळ दोन शोरूमना जाऊन कोटेशन आणलं असतं, इथे विचारत बसला नसता.

मी ४७ वर्षांचा, मिशा असलेला, धायरीत राहणारा माणूस आहे. २०२३ च्या पाडव्याला नवी कोरी ११० सीसीची स्कूटर घेतली. धायरी ते शिवाजीनगर, रोज साधारण तुमच्याएवढंच अंतर. आजवर साडेअठरा हजार किलोमीटर झाले. ‘बायकांची गाडी’ हे मी तीन वर्षं ऐकतोय, त्यामुळे माझ्याकडे उत्तर तयार आहे.

तुमच्या मित्रांना विचारा, त्यांचे वडील काय चालवायचे? १९७२ ला चेतक आली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट बघायचे. नाव कुणाचं, तर राणा प्रतापाच्या घोड्याचं. पुढे उभा एक पोरगा, मध्ये एक, मागे आई एका बाजूला पाय सोडून, आणि सकाळी गाडी तिरकी करून किक मारणारे वडील. त्यांना कुणी म्हणालं का बायकांची गाडी? मग १९८४ ला कायनेटिक होंडा आली, गिअर गेले, सेल्फ आला, बायका-मुली गाडी चालवायला लागल्या, आणि त्यांनी हात लावल्याबरोबर गाडी ‘बायकांची’ झाली! गाडी तीच, दोन चाकं, पुढे फूटबोर्ड. बदललं काय, तर चालवणारं माणूस. ह्यात बायकांची चूक काय आणि गाडीची काय, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या साडूंनीही नाही.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना अहोजाहो, ते मला अरेतुरे. त्यांच्याकडे बुलेट. रविवारी पुसायची, मुठीवर कापड गुंडाळायचं, आणि सोसायटीच्या गेटातून निघताना उगाच एकदा रेस द्यायची. पाडव्याला मी गाडीला हार घालून, चाकाखाली लिंबू चिरडून, पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, डिकी उघडून बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “छान आहे. हिची झाली, आता तुझी कधी घेतोयस?” सगळे हसले. माझी बायकोसुद्धा. पुढचं दीड वर्ष प्रत्येक कार्याला हाच विनोद झाला, बारशापासून वास्तुशांतीपर्यंत. भरीला माझं नशीब असं की चौथ्या दिवशीच मी पडलो.

हे नीट वाचा, कारण नवी गाडी घेणाऱ्याला हे शोरूमात कुणी सांगत नाही. नव्या टायरला वरून एक गुळगुळीतपणा असतो. शंभरेक किलोमीटर चालवून तो घासला जाईपर्यंत पकड कमी. त्यात वळवाचा पाऊस. उन्हाळाभर रस्त्यावर साठलेलं ऑइल पहिल्या सरीला वर तरंगतं. आणि दांडेकर पुलाच्या सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे. ही तीन कारणं एकत्र आली आणि मी चालण्याच्या वेगात, लोकांच्या देखत, डाव्या कुशीवर आडवा झालो. मला खरचटलं, गाडीचं डावं पॅनेल सोललं. साडूंना कळलं तेव्हा म्हणाले, “बाईक असती तर पडला नसतास.” त्या पट्ट्यांवर बुलेट काय भरतनाट्यम करणार होती?

(चाकाच्या बाबतीत मात्र त्यांचं थोडं खरं आहे, पण ते मी त्यांच्यासमोर कबूल केलेलं नाही. बाईकचं चाक मोठं असतं, खड्डा सहज ओलांडतं. स्कूटरचं दहा इंची चाक खड्ड्यात उतरतं आणि तुमच्या मणक्याला वर्दी देतं. म्हणून घेताना निदान पुढचं चाक बारा इंची आहे ना, एवढं बघा.)

आता मुख्य गोष्ट. २०२४ चे गणपती. सासूबाई नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात राहतात, वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. गणपतीच्या चौथ्या दिवशी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोळा दाखवायला कर्वे रस्त्याला जायचं होतं. गणपतीत संध्याकाळी पेठांमध्ये काय असतं हे पुणेकराला सांगायला नको. गल्लीच्या तोंडावर मांडव, देखाव्याला गर्दी, रिक्षावाला आत यायला तयार नाही. मोठ्या जावयांनी फोनवरच जाहीर केलं, “मी नेतो, बुलेटवर आरामात जातील.”

ते आले. वाड्यात आवाज घुमला, दोन कबुतरं उडाली. सासूबाई नऊवारीत, डोळ्यावर तो हिरवा काळा चष्मा, हातात रिपोर्टची पिशवी आणि थर्मास. (थर्मास कशाला? विचारू नका, त्या थर्मासशिवाय कुठेच जात नाहीत.) वाड्याच्या पायरीवरून त्यांना बुलेटवर बसवायचा प्रयत्न तीनदा झाला. पहिल्यांदा गुडघा उचलला जाईना. दुसऱ्यांदा बसल्या, पण पाय ठेवायला जागा सापडेना आणि सायलेन्सर तापलेला. तिसऱ्यांदा गाडीच जरा हलली, जवळजवळ दोनशे किलोचं धूड ते, साडूंनी पाय टेकवून सावरलं, पण सासूबाईंचा धीर सुटला. म्हणाल्या, “मला काय पेशव्यांच्या स्वारीला जायचंय का? डोळ्याला जायचंय.”

मी मागे माझी गाडी मेन स्टँडला लावून उभा होतो. काही बोललो नाही. मला बोलायची गरजच पडली नाही. त्या स्वतः चालत माझ्या गाडीपाशी आल्या, सीटवर हात ठेवून उंची बघितली आणि खुर्चीवर टेकावं तशा टेकल्या. पिशवी हुकाला, थर्मास माझ्या दोन पायांमध्ये फूटबोर्डवर. केळकर रस्त्याने झेड ब्रिजवर चढलो. झेड ब्रिज फक्त दुचाकींचा, त्यामुळे तिथे वारा आणि आम्ही. सासूबाई मागून म्हणाल्या, “ह्यांच्या स्कूटरवर अशीच बसायचे.” ह्यांच्या म्हणजे सासऱ्यांच्या. त्यांची चेतक होती, एकोणीस वर्षं चालवली. मला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पूल उतरेपर्यंत दोघंही गप्प होतो.

साडू वीसेक मिनिटांनी आले. बुलेट लावायला जागा मिळेना, म्हणून लांब कुठेतरी लावून, घामाघूम, चालत. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, खालच्या दुकानात नव्हते. साडू माझ्याकडे न बघता म्हणाले, “जरा चावी दे, पटकन घेऊन येतो.”

पटकन म्हणजे चाळीस मिनिटं. डेक्कनला जाऊन यायला, स्कूटरवर, चाळीस मिनिटं! आल्यावर एवढंच म्हणाले, “पिकअप बरा आहे.”

तर तुमच्या मित्रांना हे उत्तर. गाडीवर मागे कोण बसणार, पुढे काय ठेवणार, ह्यावरून गाडी ठरते. गॅसचा सिलिंडर, दळणाचा डबा, तांदळाची पोती, पावसात ऑफिसची बॅग ह्यातलं काहीच बाईकवर धड जात नाही. क्लच नसल्यामुळे सिंहगड रस्त्याच्या कोंडीत डाव्या हाताची बोटं आखडत नाहीत. उड्डाणपूल झाला, तरी त्याच्याखाली आपलं चालूच आहे.

११० की १२५? एकटे जाणार असाल तर ११० पुरते. रोज मागे कुणी बसणार असेल, किंवा अंगापिंडाने भरलेले असाल, तर १२५ घ्या आणि पुढे डिस्क ब्रेक असलेलीच घ्या. माझ्या गाडीला शहरात ४३ ते ४६ चं अ‍ॅव्हरेज पडतं. महिन्याला सहाशे किलोमीटर धरले तर पेट्रोलचे चौदाशेच्या आसपास. शंभर सीसीची साधी बाईक ह्याहून बरीच जास्त देते, हे खरं आहे आणि साडू ते लिहून घेऊ शकतात. त्यांची बुलेट किती देते तेही मग त्यांनीच लिहावं.

इलेक्ट्रिकबद्दल मला विचारू नका. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चार्जिंगचा प्लग द्यायचा की नाही ह्यावरून दोन वर्षं सभा चालू आहेत. तुमच्या पार्किंगला स्वतःचा मीटर असेल तर रोजच्या चोवीस किलोमीटरला ती अगदी योग्य, नसेल तर तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणार आहात का?

शोरूममध्ये हे सांभाळा. ऑन-रोड किमतीत ‘हँडलिंग’ नावाची एक ओळ असते, तिच्यावर भांडा. मी भांडलो नाही, अजून चुटपुट लागते. सीट कव्हर, गार्ड, मॅट ह्यांचं पॅकेज सक्तीचं नसतं, कितीही सक्तीच्या आवाजात सांगितलं तरी. थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग दरवर्षी वेगळा भरायचा असतो. तो पहिल्या वर्षानंतर विसरू नका. माझं सोललेलं पॅनेल त्यातूनच झालं. आणि तुम्ही नशीबवान, २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल स्कूटरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. मी २८ ने घेतली. असो.

पहिले पाचशे-हजार किलोमीटर मूठ पूर्ण पिळू नका, एका वेगात लांबवर रेटू नका, आणि पहिली सर्व्हिसिंग वेळेवर करा, त्यात ऑइल बदलायलाच हवं. साडूंचं मत ‘हल्लीच्या इंजिनांना काही होत नाही’ असं आहे. हल्लीच्या गाड्यांना डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो, तो हातात बसेपर्यंत पावसात सरळच दाबा, वळणात नको. वीस-बावीस हजार किलोमीटरनंतर मागचं चाक फिरवणारा बेल्ट बघून घ्या. तो आतून चिरतो आणि रस्त्यात तुटला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागेवर. माझा पुढच्या सर्व्हिसिंगला बदलणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. बायपासला, विशेषतः नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर, स्कूटर घालू नका. ट्रक मागून उतारावर येतात. तुमचं ऑफिस त्या बाजूला असेल तर वरचं सगळं विसरा आणि सर्व्हिस रोडने जा, दहा मिनिटं उशीर झाला तरी. मी स्वतः नऱ्ह्याला जायचं असलं तर आतून जातो.

आणि हो, त्या संध्याकाळी सासूबाईंच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच कबूल करतो. चूक होती. हेल्मेट हा शब्द निघाला की पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधी कृती समित्या उभ्या राहतात, त्यामुळे त्यावर इथे वाद नको. दांडेकर पुलाला माझं डोकं हेल्मेटमुळेच शाबूत राहिलं.

साडूंनी अजून काही कबूल केलेलं नाही. दिवाळीत पुन्हा तोच विनोद झाला, ह्या वेळी फक्त सासूबाई हसल्या नाहीत. ते हे वाचणार हे मला माहीत आहे, बायको त्यांना पाठवणारच. तर साडू, त्या चाळीस मिनिटांत काढून ठेवलेला तुमचा गॉगल अजून माझ्या डिकीत आहे. त्याच्यासोबत सिंहगड पायथ्याच्या पार्किंगची पावतीसुद्धा आहे. डेक्कनला थेंब आणायला गेलेला माणूस तिथे कधी गेला होता, की चावी आणखी एकदा नेली होती, हे तुम्ही माझ्या बायकोला विचारा, कारण मला ती सांगत नाही.