तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र यांमुळे वास्तूतल्या अवकाशाकडे बघण्याची दृष्टी कशी बदलते?

याच मुद्द्यावरून आमच्या घरात 35 वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहितोय.

बाबांनी नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत घर घेतलं. आराखडा वास्तुविशारद चार्ल्स कोरियांचा: एकेका चौकाभोवती 7 घरं, प्रत्येकाला स्वतःचं अंगण, भिंती सामाईक नाहीत, म्हणजे पैसे जमतील तसं घर वाढवता यावं. कोरियांचं म्हणणं सरळ होतं. आपल्या हवेत वर्षातले बरेच महिने आभाळाखालची जागाही खोलीच असते, आणि तिला स्लॅब लागत नाही. तत्त्वज्ञान म्हणा, अर्थशास्त्र म्हणा, त्यात दोन्ही आलं.

काकांनी ठाण्यात पाचपाखाडीला फ्लॅट घेतला आणि बाबांना ऐकवलं, "अंगणाचे पैसे कसले मोजतोस? पांघरून झोपणार आहेस का ते?" मी तेव्हा लहान होतो, पण बाबांचा पडलेला चेहरा आठवतो.

पुढे काकांचं ॲग्रीमेंट माझ्या हाती आलं. सुपर बिल्टअप, म्हणजे ज्याचे पैसे भरले ते क्षेत्रफळ, 850 चौरस फूट; आत टेप लावली तर 590. उरलेलं सगळं लोडिंग: भिंती, आणि सगळ्यांच्या सामाईक जागेतला वाटा, म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी. अंगणाचे पैसे वाया म्हणणाऱ्या माणसाने जिन्याचे पैसे मुकाट्याने भरले होते!

लफेव्र हा फ्रेंच विचारवंत म्हणतो की जागा समाज घडवतो. इथे ती चौरस फुटाचा दर घडवतो. 2016 चा रेरा, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीचा कायदा आला आणि विक्री कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळावर आली, चांगलंच झालं. पण व्याख्या वाचा: आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरतात, बाल्कनी नाही. म्हणजे जिथे सुईसुद्धा ठेवता येत नाही ती जागा कार्पेटमध्ये, आणि जिथे काका रोज चहा घेतात ती त्यात नाही.

तुम्ही आर्किटेक्चरचे विद्यार्थी असाल तर तत्त्वज्ञ नंतर वाचा, आधी एक ॲग्रीमेंट वाचा.

हां, एक सांगायला हवं. आर्टिस्ट व्हिलेजमधली बरीच घरं पाडून त्या जागी बंगले उभे राहिलेत. आमच्या अंगणावरही बाबांनी पावसाला कंटाळून पत्रा टाकला. काका आले, वर बघितलं, नुसते हसले.

पण त्याच पत्र्याखाली गणपतीत 15 माणसांची पंगत बसते. त्यांच्या 590 मध्ये बसवून दाखवा म्हणावं.