पाना झिजला की मापच चुकलं?

प्रश्न : वडिलांच्या जुन्या अ‍ॅम्बॅसिडरबरोबरचे पाने मी माझ्या मारुती ८००वर वापरतो. १२च्या बोल्टवर पाना निसटतो, दोन बोल्टचे कोपरे गेले. पाने झिजले असतील का? नवा सेट घ्यायचा तर किती मोठा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पाने भंगारात घालू नका, आधी त्यांच्यावरचे आकडे वाचा. ७/१६, १/२, ९/१६ असं दिसलं तर ते इंचाचे आहेत. अ‍ॅम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन इंग्रजांच्या बीएमसी या मोटार कंपनीचं, त्याचे बोल्ट इंचात. मारुतीचं सगळं मिलिमीटरमध्ये. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, १२च्या बोल्टवर तो बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे खातो. पान्याचा काही दोष नाही. ते पोलाद तुमच्या मुलालाही पुरेल.

खरा झिजतो तो उघड्या तोंडाचा पाना. त्याचा जबडा फाकतो. जाम बोल्ट आधी रिंग पान्याने किंवा गोटीने (सॉकेटने) ढिला करायचा, उघडा पाना नंतर पटापट फिरवायला. गोटी सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी कोपऱ्यावरच जोर देते. आणि जोर वाढवायला रॅचेटला, म्हणजे गोटी फिरवणाऱ्या दातेरी दांड्याला, पाइप लावायचा नाही! आतले दात तुटतात. त्यासाठी लांब दांडा वेगळा मिळतो.

अ‍ॅम्बॅसिडरमध्ये इंजिन गाडीच्या लांबीला उभं, दोन्ही बाजूंना कोपरापर्यंत हात जायचा. मारुतीत ते आडवं. मागच्या बाजूला पाना जेमतेम हलतो. उघड्या पान्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं ते याचसाठी : थोडा फिरवा, पालथा करा, पुन्हा लावा. तरी तिथे बारीक दातांचं रॅचेट आणि एक्स्टेन्शन यांनीच काम सुखाचं होतं.

मोठी पेटी नको, निम्मा माल पडून राहतो. क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे ८, १०, १२, १४ आणि १७चे पाने नि गोट्या, ३/८ इंची रॅचेट. (गोटीचं चौकोनी भोक अजून इंचातच, बघा.) १३ची गरज फियाटला पडायची.

गोल झालेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग सहा कोनी १२ची गोटी हातोडीने ठोकून बसवा. बदली बोल्ट मारुतीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातूनच आणा. हार्डवेअरमधला ८ मिमी जाडीचा बोल्ट बहुधा १३च्या डोक्याचा मिळतो, मग तो पानाही विकत घ्यावा लागेल.